बिनस्टँडची सायकल

एकतीस सायकली एकापाठोपाठ आडव्या झाल्या, तेव्हा मी चहाचा पहिला घोट घेत होते. आणि सातची बॅच सुटायला फक्त पाच मिनिटं होती!

अमरावतीत क्लासेसच्या गल्लीत माझं आणि आईचं सायकल स्टँड आहे. पोरांनी दारात सायकल द्यायची, अर्धा बिल्ला घ्यायचा आणि वर्गाकडे पळायचं. दुसरा अर्धा हँडलला बांधून सायकल लावायची, काढून द्यायची ती आम्ही. लवकर सुटणारी बॅच पुढे, उशिराची मागे. एक हँडल इकडे, दुसरं तिकडे, म्हणजे दीडशे मावतात. आई, म्हणजे तानुबाई, रोज बजावते, "रागिणी, एक काढताना दुसरी अडली नाई पायजे."

असा चोख कारभार एका बिनस्टँडच्या सायकलीने झोपवला. घाईत आईने ती रांगेच्या टोकाला टेकवली होती. तिचा मालक दारात ओठ चावत उभा... तिवस्याचा जीवन, स्पर्धा परीक्षेच्या क्लासचा.

"हिले स्टँड काहून नाई?"

"मोडला... तुमी रागावून राहिल्या काय?"

"नाई, आरती ओवाळून राहिली! उचला आता."

त्याने एकतीसच्या एकतीस उचलल्या. वर प्रत्येक सायकलीची घंटी वाजवून पाहिली. मला हसू आलं, पण मी ते त्याला दिसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशीही स्टँड नव्हताच. मग मी त्याची सायकल रांगेत घेतलीच नाही, काउंटरजवळ माझ्या सायकलीला टेकवली. "स्टँड लावेपर्यंत हे सायकल अठीच राहीन," मी ठणकावलं.

सहा महिने झाले. रोज तीच सायकल, तीच जागा. सगळी पोरं मला ताई म्हणायची – हा एकटा कधीच नाही.

"माह्या सायकलीनं तरास तं नाई देल्ला?"

"पायडल घासते तिचं. माह्या सायकलीचा रंग उडाला."

"कोन्ता होता?"

"निया."

दुसऱ्या दिवशी निळ्या रंगाची डबी आणि ब्रश घेऊन हजर! क्लास बुडवून रंगवत बसला. आणि हिवाळ्यात मी दीडशेपैकी एकाच सीटवरचं दव ओढणीने पुसू लागले. आईने ते पाहिलं.

मग एका गुरुवारी तो म्हणाला, "अकोल्याच्या नोकरीची ऑर्डर आली. सोमवारी हजर व्हाचं हाये... शनिवार शेवटचा."

"अभिनंदन," मी म्हणाले आणि पुढच्या पोराला भलत्याचीच सायकल काढून दिली. हा असाच निघून जाणार? एक शब्दही न बोलता? दोन रात्री मला झोप नाही.

शनिवारी तो वर्गात गेल्यावर मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या श्रावणभाऊंना बोलावलं. क्लास सुटून जीवन आला, तोवर सायकल नव्या स्टँडवर ताठ उभी होती.

त्याचा चेहरा पडला. "हे काहून केलं?"

"अकोल्याले कोनाले टेकवसान?" माझा आवाज कापला.

श्रावणभाऊ पाने-पक्कड गोळा करता करता हसले. "कमाल हाये बाप्पा! दोन खेपा म्या फुकट लावून देतो म्हटलं, तं हा हात जोडून नाई म्हने!"

जीवनचे कान लाल झाले. मी बघतच राहिले.

"स्टँड लावला असता, तं तुमी तिले रांगेत लावली असती," तो हळूच म्हणाला. "मंग तुमच्याजवळ थांबाले मले निमित्त कोन्तं?"

"सहा महिने बोलले काहून नाई?"

"हाती काई नव्हतं... आता विचारतो. मले तुमी लय आवडता, रागिणी. मी तुमाले?"

त्याने अर्धा बिल्ला पुढे केला होता. मी त्याची मूठ मिटवली.

"बिल्ला जवळ ठेवा. एसटीनं जा. बिल्ल्याबिगर सायकल भेटत नाई."

"म्हंजे... रविवारी येऊ?"

"दर रविवारी."

आमच्या पाटीवर ठळक लिहिलंय – रात्री सायकल ठेवली जाणार नाही. मी आईकडे पाहिलं.

"ठेव वं," आई म्हणाली. "एका सायकलीनं काय जागा अडते?"

मी पायाने नवा स्टँड वर केला आणि त्याची सायकल माझ्या सायकलीला टेकवली.