सालिमाच्या तोंडचे शब्द

तोक्तोसुनने तळलेल्या पिठाचा तिसरा बोरसोक चहात बुडवला, तेवढ्यात झायना आत आली. तिने एक कागद टेबलावर ठेवला, शेजारी फळांची पिशवी ठेवली आणि रडू लागली.

बूबुकान आपा काराकोल शहराच्या कोर्टात तीस वर्षं कारकून होती. आता ती घरी बसून लोकांना कायद्याचे शब्द समजावायची आणि जमलं तर लबाडांचे मुखवटेही उतरवायची. बसचालकाच्या नोकरीतून निवृत्त झालेला तोक्तोसुन या कामातला तिचा जोडीदार. मन सोन्याचं, डोकं मात्र पहिल्या गिअरमध्ये.

"सासूबाई गेल्या, आणि आता त्यांचं मृत्युपत्र आहे म्हणे," झायना म्हणाली. "घर, बाग सगळं पुतण्याला, कुबानला. माझा नवरा, त्यांचा एकुलता मुलगा, गेला तेव्हापासून मीच त्यांना सांभाळलं. आता लेकीला घेऊन जाऊ कुठं?"

"अंगठा त्यांचाच?" आपाने विचारलं.

"त्यांचाच. दवाखान्यात भरती करताना कुबाननं चार-पाच कागदांवर घेतले होते." तिने डोळे पुसून पिशवी पुढे सरकवली. "बागेतले लाल गाल आणलेत. खा, बाइके," ती तोक्तोसुनला थोरल्या भावाच्या मानानं म्हणाली.

"सफरचंदाला अल्मा म्हण की सरळ," तोक्तोसुन हसला.

"सासूबाईंनी कधी म्हटलं नाही, मी कशी म्हणू?"

घराघराच्या तऱ्हा, असं मनात म्हणत तोक्तोसुनने सफरचंदाचा लचका तोडला. आपा मात्र चहा विसरून कागद वाचत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झायनाच्या दिवंगत सासूच्या, सालिमाच्या, घरी जमले. आपाने आधी कुबानला विचारलं.

"काकू बोलत गेल्या, मी लिहीत गेलो," तो म्हणाला. "त्यात माझा एक शब्द नाही."

मग साक्षीदार एसेनची पाळी आली. हा साधा मेंढपाळ होता, कुबानचा बालमित्र.

"एसेन, साक्षीदार म्हणजे कोण, ठाऊक आहे?"

"सही करतो तो."

"नाही रे बाळा. ज्यानं स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं तो. तू ऐकलंस?"

"याच कानांनी."

"हे वाक्य?" आपाने वाचलं. "'माझे सासरे अल्माबेक यांनी लावलेली बाग मी कुबानला देते.'"

"अगदी असंच म्हणाल्या. नावासकट."

आपाने कागदाची शांतपणे घडी घातली.

"सालिमा या घरात सून होऊन आली त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली. थोरल्यांचं नाव सून घेत नाही. सासऱ्यांच्या नावात अल्मा येतं, म्हणून तिनं फळाचं नावसुद्धा टाकलं. जन्मभर लाल गाल म्हणाली. जी बाई सफरचंदाला सफरचंद म्हणाली नाही, ती सासऱ्यांचं नाव घेऊन बाग देईल? कुबान, तुझे ते आजोबा, तुझ्या तोंडी नाव सहज येतं. काकू कशी बोलते, याकडे तू कधी लक्षच दिलं नाहीस. कोऱ्या कागदावर अंगठा घेतलास आणि नंतर मजकूर तुझ्याच तोंडचा लिहिलास."

कुबान उठायला गेला, पण दारात तोक्तोसुन आधीच पाय रोवून उभा होता.

"मी तिथं नव्हतोच, आपा," एसेन पुटपुटला. "यानं सांगितलं, मी सही केली."

"हेच कोर्टात सांग. शपथेवर खोटं बोललास तर गुन्हा होईल. अजून शपथ झालेली नाही."

"मग घर कुणाचं?" तोक्तोसुनने विचारलं.

"मृत्युपत्र खोटं, तर घर वारसाचं. मुलगा हयात नाही, तर त्याच्या लेकीचं." आपाने झायनाचा हात हातात घेतला. "तुझी लेक या घराची वारस आहे, पोरी. तुला कुठं जायला नको."

झायना उठली, बागेत गेली आणि ओंजळभर फळं घेऊन आली. तोक्तोसुनने हात पुढे केला. कोपऱ्यात सालिमाची गादी अजून तशीच होती. त्याने त्या गादीकडे पाहिलं.

"दे गं," तो म्हणाला, "एक लाल गाल दे."