निळ्या पेन्सिलीतला माणूस

चांगदेवांनी आयुष्यात कधी माणूस काढला नाही. काढले ते रेडे, टिटव्या, घोरपडी. तेही बंड्या घातलेले, छत्र्या घेतलेले, एकमेकांशी कचाकचा भांडणारे. तरुणपणी कल्याणच्या एका खोलीत बसून ते मुलांच्या मासिकासाठी दर महिन्याला 'रेडेराव पोस्टमन' ही चित्रकथा काढायचे. पोरं त्यावर जीव टाकायची. मालकाने मात्र चित्रकाराचं नाव एकदाही छापलं नाही. मग मासिक बंद पडलं आणि पुढची सगळी वर्षं चांगदेवांनी अगरबत्तीच्या पुड्यांवर मोर रंगवले.

त्यांच्या लेकीला, दर्शनाला, हे कायम सलायचं. ती डोंबिवलीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. ठाण्याचा एक प्रकाशक जुनी पानं पुस्तकात आणतो, वर नाव ठळक छापतो म्हणाला, तेव्हा तिने बाळकुमच्या फ्लॅटमधली बाबांची ट्रंक उघडली. घाई होती. बाबा अंथरुणाला खिळलेले, त्यात विसरणंही वाढलेलं. स्वतःचं नाव ओळखता येतंय तोवर ते छापलेलं त्यांना दिसावं, एवढंच तिला हवं होतं.

बाबा आधी फिकट निळ्या पेन्सिलीने आखायचे, मग वरून काळी शाई फिरवायचे. छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्याच्या कॅमेऱ्याला ते निळं दिसत नसे, म्हणून खोडायची कटकट नाही. शाई लागेल तेवढंच छापून यायचं.

दुपारी पानं पुसताना दर्शनाला तो दिसला. रेडेराव पत्रं वाटतोय, टिटवीबाई त्याच्यावर डाफरतेय, आणि मागे विहिरीपाशी नुसत्या निळ्या रेघांतला एक माणूस, पाठमोरा. पुढच्या पानावर तो कुंपणाच्या अलीकडे आलेला. त्याच्या पुढच्या पानावर टिटवीबाईच्या ओसरीवर. शेवटच्या पानावर तो रेडेरावच्या खांद्याला खांदा लावून उभा होता आणि त्याने तोंड वळवलं होतं. चेहरा बाबांचा. तरुणपणचा नव्हे, आत्ताचा, गालफडं बसलेला.

"बाबा, लबाड आहात हं! म्हातारपणी कसे दिसू, तेही काढून ठेवलंत?"

बाबांनी पान डोळ्यांजवळ धरलं. मग ते पालथं घातलं.

"मी नाही काढला."

"मग कोणी, रेडेरावने?"

"कागद कोरा ठेवून झोपायचो. सकाळी हा आलेला असायचा." त्यांनी तिचं मनगट धरलं. "शाई लावू नकोस, दर्शे. मी कधीच लावली नाही."

दर्शनाने मान डोलावली. वय झालं की माणूस काहीही बोलतं, असं ती मनाशी म्हणाली.

पण प्रकाशकाला शेवटच्या पानावर चित्रकाराचा चेहरा हवा होता आणि अंथरुणातल्या बाबांचा फोटो द्यायला तिचं मन होईना. त्यात चित्रकलेच्या बाई त्या! अर्धवट सोडलेलं चित्र बघितलं की त्यांचे हात शिवशिवणारच. जन्मभर पोरांना त्यासाठीच तर ओरडल्या होत्या. तिने टाक घेतला आणि शेवटच्या पानावरचा निळा माणूस शाईने गिरवला. रेघ इतकी झरझर उमटली की हात आपला नुसता सोबतीला आहे, असं तिला वाटलं.

महिन्याभरात पुस्तकं आली. मुखपृष्ठावर बाबांचं नाव, चांगलं जाडजूड. दर्शनाचे डोळे भरून आले. बाबा झोपले होते. तिने एक प्रत त्यांच्या उशाशी ठेवली आणि एक ऑफिसला निघालेल्या शेजारच्या जागृतीला दिली.

थोड्याच वेळात बेल वाजली. जागृती परत आलेली.

"काकी, आजोबा एकदम फिट झाले की! खाली गेटवर भेटलेले. सही पण दिली मला."

"अगं, ते आत झोपलेत."

"काहीतरीच काय काकी! बोलले ना माझ्याशी. हे बघा."

सही बाबांचीच होती. जागृतीच्या अंगठ्याला शाई लागली होती.

दर्शनाने तिला दारातच सोडलं. ती आत धावली.

बाबा जागे होते. पुस्तक छातीवर उघडं धरून टिटवीबाईला हसत होते, अगदी खदखदून.

"छान आहेत चित्रं. कोणी काढलीत?"

"तुम्ही, बाबा. हे नाव वाचा ना."

त्यांनी एकेक अक्षर लावत नाव वाचलं. मग तिच्याकडे बघून मान हलवली.

"मी? नाही हो बाई."

तिला रडू फुटलं. तिने घाईघाईने शेवटचं पान उघडलं. रेडेराव एकटाच उभा होता.

बाहेर हॉलमध्ये कुणीतरी चपला काढल्या.

"दर्शे, चहा टाक गं."

बाबांचा आवाज. तिच्या लहानपणी होता तसा, खणखणीत.

"आले, बाबा," सवयीने तिच्या तोंडून गेलं.

पलंगावरच्या म्हाताऱ्याने ओशाळून पुस्तक मिटलं आणि तिच्या हातात दिलं.

"जा हो," ते म्हणाले. "वडील बोलावतायत तुमचे."