निवेदिताला हवा तेवढाच दोष

बुलढाण्याहून धाड गावाला निघालेली जीप भरली, म्हणजे दार माणसांनीच आतून धरून ठेवलं, तेव्हा निवेदिताच्या समोर एक तरुण येऊन आदळला. गुडघ्याला गुडघा लागला. दोघं एकदमच 'सॉरी' म्हणाले... आणि गुडघे तिथेच राहिले. दुसरीकडे न्यायला जागा नव्हती.

"पुण्यात काय करता?" तिच्या बॅगेवरचं पुण्याचं नाव वाचत त्यानं विचारलं.

"दोष तयार करते."

"त्याच्यासाठी पुण्याले जा लागते?"

निवेदिता हसली. "कार्बनची एकाच अणूइतकी पातळ चादर असते, ग्राफीन. कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखी वीण. इतकी निर्दोष की तिला सहसा काही चिकटतच नाही. मग आम्ही मुद्दाम एखादा अणू काढतो. त्या रिकाम्या जागी कुणीतरी येऊन बसतं."

"कुणीतरी...?"

"दुसरा अणू हो!" ती खिडकीबाहेर पाहू लागली. खिडकीत एका आजोबांची पाठ होती, तीच पाहिली. "फार काढले तर मात्र चादर फाटते."

"कपाशीतही तसंच," तो म्हणाला. "बीटीच्या, म्हंजे अळी मारणाऱ्या बियाण्याच्या, पाकिटासंग साध्या सरकीची पुडी येते. थे धुऱ्यानं, वावराच्या कडेकडेनं लावाची अन् अळीले खुशाल खाऊ द्याची. नाही तर अळी बीटीच पचवाले शिकते."

आता निवेदितानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही लावता?"

"दुकानात येईल त्याले सांगतो," तो घाईनं म्हणाला.

तासाभरानं निवेदिता पोहे घेऊन बैठकीत आली, तर तिला पाहायला आलेला मुलगा तोच! सोहम, पिंपळगाव राजाचा कृषी केंद्रवाला. फोटो दोघांनीही पाहिले होते. पण तिच्या फोटोत प्रयोगशाळेचा मास्क होता आणि त्याच्या फोटोतले डाग पुसताना फोटोवाल्यानं नाकही पुसलं होतं.

मध्यस्थ हिंमतराव सुरू झाले. "पोरगा सुपारी खात नाही. रागवत नाही. पहाटे आपोआप उठते."

"दोष नावाले नाही," सोहमची आई तानाबाई म्हणाल्या.

निवेदिताचा चेहरा उतरत गेला. ही नाही म्हणणार, हे सोहमला लख्ख दिसलं.

"मी... थे पुडी लावत नाही," तो एकदम बोलला. "गावाले शिकवतो, अन् आमच्या पुड्या मीच फेकतो. बोंडअळी पह्यले आमच्याच वावरात आली."

निवेदिताला हसू फुटलं. त्याला चेव आला. "दोनदा नापास झालो. गाडीवर मोठ्यानं गातो. आत्याच्या लग्नात मी—"

"थांबा, थांबा! फाटेल!" निवेदिता ओरडली.

काय फाटेल, हे त्या दोघांशिवाय कुणालाच कळेना. हिंमतरावांनी हळूच आपला पायजमा चाचपला.

"आमच्या मुलीत मात्र—" निवेदिताचे बाबा सावरायला गेले.

"मी घोरते," निवेदिता म्हणाली. "होस्टेलवर मला एकटीला खोली दिली होती."

बैठक गार पडली. सोहमचे कान मात्र लाल झाले. तानाबाईंनी मुलाच्या कानांकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि पोह्यांची बशी खाली ठेवली.

"त्याचं काय घेऊन बसली व माय! आमचा हा तर बादली ओतल्याबिगर उठतच नाही. हिंमतराव, तारखीचं बोला."