साहेबांना डाग खपत नाही

"यंत्राला हात तुम्हीच लावता! मग बिघडवलं कोणी, माझ्या आजोबांनी?" साहेब आत्यावर कडाडले. "बारा वाजता जुन्या वह्या ट्रकने कागदाच्या लगद्याला जाणार आणि त्यांच्या पाठोपाठ तुम्ही घरी!"

सुट्टीला आत्याकडे आलेली चष्मिस आणि तिचा धाकटा भाऊ टकलू बाकावर बसून ऐकत होते. नोंदणी कार्यालयात करमणुकीची तेवढीच सोय होती.

गावातले जन्म, मृत्यू, घरं, जमिनी; सगळं आत्याने तीन वर्षं खपून जुन्या वह्यांतून काचांवर उतरवलं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिपक्यांची छपाई! हजार वर्षं टिकणार होती. आज यंत्राला एकही काच वाचता येईना.

"रडू नकोस गं, आत्या," टकलू म्हणाला.

"कोण रडतंय? उजेड अडवू नकोस आधी!" आत्या खेकसली.

चष्मिसने खिशातला चिमुकला मायक्रोस्कोप काचेवर टेकवला. "ठिपके नाहीतच! नुसते गोल गोल ओरखडे, घासलेल्या तव्यासारखे!"

"काचा कोण घासेल? एवढा मूर्ख..."

"हळू बोल! तो मूर्ख इथेच असेल."

टकलूने साहेबांच्या दाराकडे बोट दाखवलं. दारावरची पितळी पाटी इतकी लख्ख होती, की तिच्यावर नाव उरलं नव्हतं.

"आत्या, चाचणीची एखादी काच आहे?" चष्मिसने विचारलं.

"आहे. फोडलीत तर याद राखा!"

पावणेबाराला संचालकबाई तपासणीला आल्या. साहेब त्यांना कार्यालयाची स्वच्छता दाखवत असतानाच टकलूने काच पुढे केली. "साहेब, हिच्यावर करडा डाग आहे."

"डाग?" साहेबांनी खणातून घासायच्या पावडरीचा डबा काढला आणि खसाखसा सुरुवात केली. "बघा बाई! असल्या सगळ्या काचा मी एकट्याने लख्ख केल्या. तीन दिवस! कोणी साधं कौतुक केलं नाही!"



"साहेब," चष्मिस म्हणाली, "अशा एकेका डागात चाळीस वह्या होत्या."

साहेबांचा हात थांबला. "मग... मग तशी सूचना लिहायची होती!"

"लिहिली होती!" आत्या तडकली. "प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात!"

"कुठाय? दिसत नाही ती!"

आत्याने जीभ चावली. सूचनाही तिने ठिपक्यांतच छापली होती.

"वह्यांचा ट्रक थांबवा!" संचालकबाई गरजल्या.

टकलू आधीच ट्रकसमोर आडवा झाला होता. ट्रकचालक त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत होता. वह्या उतरल्या. साहेबांनी उतरवल्या, सगळ्या.

"नोकरी राहील तुमची," बाई आत्याला म्हणाल्या. "पण सगळं पुन्हा छापा. आणि शाबास, पोरांनो! गाव वाचवलंत. आता बाहेर व्हा."

जाता जाता चष्मिसने जाड पेनाने हातभर अक्षरांत काचांच्या कपाटावर लिहिलं: घासू नये!

गठ्ठा टेकवून साहेब मागे सरकले, मान वाकडी करून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "कपाट खराब केलंत."