विषय क्रमांक सात

दाराला कुलूप होतं.

"किल्ली कुणाकडे आहे?" मी विचारलं. आवाजात चीड होती, आणि ती लपवायची माझी तयारीही नव्हती.

समोरचा तरुण गोंधळला. काखेत नकाशाची गुंडाळी, गळ्यात ओळखपत्र, हातात चहाचा कप. "लेडीज टॉयलेटची ना... हॉलवाल्याला विचारावं लागेल."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"जेन्ट्सला कुलूप नसतं, त्यामुळे कधी प्रश्नच—" एवढं बोलून तो थांबला. आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. कप खिडकीत ठेवून तो धावत गेला आणि किल्ली घेऊन आला. मग जिन्याच्या टोकाला, पाठ करून उभा राहिला.

सभागृहाची दुरुस्ती चालू होती म्हणून त्या पावसाळ्यात प्रभाग समितीची बैठक लग्नाच्या हॉलमध्ये भरायची. सभापती नवऱ्या मुलाच्या मखमली खुर्चीत बसायचे. मी नारपोलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बायकांसाठी स्वच्छतागृह व्हावं, असा विषय माझ्या अर्जावरून आला होता. विषय क्रमांक सात. सहावा विषय एका चौकाच्या नावाचा होता, आणि त्या नावावर अख्खी दुपार गेली.

सातव्या विषयाला एक सदस्य उठले. "त्या जागेवर सेल्फी पॉइंट करायचाय. 'आय लव्ह नारपोली', लाइटिंगसकट."

दुसरे म्हणाले, "स्वच्छतागृह पाहिजेच. पण माझ्या दुकानासमोर नको."

सभापतींनी अभियंत्याकडे पाहिलं. मघाचाच तो, धम्मपाल, उठला. "कार्यवाही सुरू आहे," म्हणाला आणि बसला. विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मी त्याला जिन्यात गाठलं. "कार्यवाही म्हणजे नक्की काय सुरू आहे?"

त्याने थोडा विचार केला. "खरं सांगू? चहा."

मला हसू आलं. त्याचाच जास्त राग आला.

पुढच्या आठवड्यात तो जागा मोजायला टेप घेऊन गल्लीत हजर. रिपरिप पाऊस, दोन्ही बाजूंना कापडाच्या लूमची खटखट. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे.

"टोक धरता का, मॅडम?"

"माणूस नाही मिळाला?"

"मिळाला होता," तो माझ्या कानाशी म्हणाला, "पण तो माझ्यावर ओरडत नाही. सवय मोडली असती."

मी टेपचं टोक धरलं. त्याच्या शर्टाला ओल्या सिमेंटचा वास होता... माप दोनदा चुकलं. कारखान्याच्या दारातून धोंडूबाई बघत होत्या. सुताच्या बॉबिन भरून भरून त्यांची बोटं वाकडी झालीत.

"मापा घेताव का लगीन ठरवताव?" त्यांनी विचारलं.

त्या आत गेल्यावर मी त्याला सांगितलं. धोंडूबाई शिफ्टभर पाणी पीत नाहीत. प्यायल्या तर जायचं कुठे? लघवीला जळजळ होते म्हणून सारख्या लॅबमध्ये येतात. आता ताप चढतो, मूत्रपिंडापर्यंत गेलंय. डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी प्या. आणि त्या एकट्या नाहीत.

त्याने टेप गुंडाळला. त्या दिवशी पुन्हा थट्टा केली नाही. जाताना मात्र लॅबचा नंबर मागून घेतला आणि रात्री मेसेज माझ्या मोबाइलवर आला. लॅबमधून माझा नंबर कुणी दिला, ते मी विचारलं नाही. बोलणं ड्रेनेजपासून सुरू व्हायचं आणि भलतीकडेच जायचं.

पुढच्या बैठकीच्या दिवशी मात्र तो माझ्याकडे बघेना. मी गॅलरीतून बघतेय, हा नकाशात डोकं घालून. का, ते लवकरच कळलं.

"राहनाळच्या रस्त्याला गोडाऊनजवळ मोकळी जागा आहे," सेल्फी पॉइंटवाले म्हणाले. "तिकडे बांधा."

इतक्या लांब जाऊन यायचं तर लूम किती वेळ बंद ठेवायचा? कुणी विचारलं नाही. धम्मपालच्या साहेबांनी त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बजावलं.

"नारपोलीला ड्रेनेज लाइन नाही, असं ऐकतोय," सभापती म्हणाले. "बरोबर का?"

तो उठला. मला वाटलं, आता कार्यवाही सुरू होणार.

"लाइन आहे," तो म्हणाला. "मी स्वतः झाकण उघडून पाहिलंय. जागा योग्य आहे."

गोंधळ झाला. साहेबांनी त्याला शर्ट धरून खाली ओढलं. पण मागच्या रांगेतल्या नगरसेविका साजिदाबाई उभ्या राहिल्या. "इंजिनियर बोलला ना? आता मतदान घ्या. मी खाली बसणार नाही."

त्या बसल्याच नाहीत. विषय मंजूर झाला.

आणि धम्मपालची बदली झाली. शहराच्या टोकाला पंपहाउस, शिफ्ट ड्युटी. त्यानंतर मेसेज नाही, फोन नाही. गल्लीत पाया खणायला घेतला. धोंडूबाई रोज खड्ड्यात डोकावून मुकादमाला झापायच्या, आणि मला विचारायच्या, "तो पोऱ्या कुठं हाय?" शेवटी मीच रिक्षा केली.

पंपहाउसच्या दारात तो ग्रीसचे हात पुसत उभा होता. मला पाहून हात पुसायचंच विसरला.

"फोन का नाही केला?"

"काय सांगणार होतो? नोकरी अशी. रविवारसुद्धा माझा नाही. जरा चांगल्या जागेवर आलो की मग..."

"धम्मपाल, एका संडासासाठी मी अर्धा पावसाळा भांडले. तुमच्यासाठी किती भांडायचं ते आधीच सांगा, म्हणजे तशी रजा टाकते."

तो हसला. मग हसू ओठांवरच राहिलं आणि डोळे भरून आले. "त्या दिवशी उठलो ना... साहेबांची भीती वाटत होती. पण तुझ्याकडे बघायची जास्त. खोटं बोलून पुन्हा कधी बघता आलं नसतं."

तुझ्याकडे. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"मग आता बघ ना," मी म्हणाले.

त्याने पाहिलं. आत मोटर घुमत होती. मी माझ्या ओढणीने त्याच्या बोटांवरचं ग्रीस पुसायला घेतलं, ते पसरलं, आणि दोघांचेही हात काळे झाले.

"माझ्या आईला भेटायला कधी येतोस?"

"आजच. ड्युटी संपली की."

त्याला अजून बराच वेळ होता. मी पायरीवर पाय पसरून बसले. या शहरात कशाची तरी वाट बघताना राग न येण्याची माझी ती पहिलीच वेळ.