शेजारची नळी

निवृत्तीनंतरही अन्नप्रयोगशाळेत मला सकाळचे दोन तास बसू देतात. मी तिथे ताईसाठी एक कपभर मिश्रण करतो. आतड्याच्या ऑपरेशननंतर माझ्या या मोठ्या बहिणीला स्निग्ध काही पचेना. वजन चौतीस किलोवर आलं. डॉक्टर म्हणाले, तेलाचे थेंब अगदी बारीक करून पाण्यात मिसळले, तर अंगी लागेल. म्हणून तेल, पाणी आणि त्या दोघांना एकजीव ठेवणारं चिमूटभर लेसिथिन बर्फातल्या भांड्यात घेऊन मी अल्ट्रासाउंडची धातूची कांडी आत सोडतो. आवाज ऐकू येत नाही, नुसत्या दाढा शिवशिवतात. पाच मिनिटांत सगळं दुधासारखं पांढरं होतं.

त्यातलं थोडं एका नळीत ठेवतो. शेजारी दुसरी नळी, तेच तेल-पाणी, पण लेसिथिन न घालता नुसतं हातानं हलवलेलं. तिच्यात दहा मिनिटांत तेल वर येतं. तिथे मी पेन्सिलीनं रेघ मारतो.

एका मंगळवारी रेघ मारायला जागाच नव्हती. दोन्ही नळ्या सारख्याच पांढऱ्या.

कुलूप तीनदा ओढून पाहणारा माणूस मी. माझ्याच हातून अदलाबदल झाली असणार. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तशीच, लेसिथिन न घातलेली तिसरी नळी दूर खिडकीशी ठेवली. तिच्यात तेल निमूट वर आलं. ती पहिल्या नळीशेजारी आणून ठेवली. निघायच्या वेळेपर्यंत तेलाचा पिवळा थर, कुणी न हलवता, पांढऱ्यात उतरून गेला.

कुणाला सांगितलं नाही. ताईचं वजन एकेचाळीस झालं होतं. कप बंद केला तर ती पुन्हा अंथरुणाला खिळणार. मी तिच्या उशाशी बसून रोज वाचून दाखवायचो. ती म्हणायची, तुझ्या पुस्तकांपेक्षा हा कप बरा, निदान पोटात तरी जातो.

महिनाअखेरीस दोघांचं रक्त दवाखान्यात तपासायला दिलं. तिथल्या बाईंनी मला आत बोलावलं.

"काका, दोन तास झाले. एव्हाना लाल पेशी तळाशी जातात, पण हे रक्त खाली बसतच नाहीये."

"ताईचं?"

"दोन्ही नळ्यांतलं."

मी त्या कपातला थेंबही कधी चाखला नव्हता.

बाईंनी जुना कागद पुढे केला. माझा गट ओ, ताईचा बी. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आज दोन्ही नळ्या एकाच माणसाच्या येतायत. तुमच्याकडून काही चूक तर नाही ना झाली?"

झाली असेल, म्हणालो.

घरी आलो. ताईच्या उशाजवळची माझी खुर्ची उचलून दाराशी नेली.

"अरे, तिकडे कुठे बसलास?" ताई म्हणाली. "मी काय चावते?"

तिच्या हातात सकाळचा कप होता. आज पिऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. तिचे टवटवीत गाल पाहिले आणि खुर्ची आणखी मागे सरकवली.

ताईनं कप ओठांना लावला.

कोमट, किंचित तेलकट घोट माझ्या घशाखाली उतरला.