डावीकडचं दार

नरकासाठी लाल बल्ब हवा होता, म्हणून ठिणगी भर दुपारी विजेच्या दुकानात गेली.

दुकानदार शिडीवर चढून खोकी उतरवत होता. तिथूनच म्हणाला, "मागच्या वर्षी नेला होतास ना एक?"

"उडाला. नरकात व्होल्टेज फार वर-खाली होतं."

"मग या खेपेला मोठा देऊ?"

"नको. फार उजेड पडला तर पाप्यांना कमिटीचे चेहरे दिसतील. केवढी शिक्षा ती!"

दुकानदार शिडी धरून हसला. बल्ब होल्डरला लावून, पेटवून दाखवला आणि कागदात गुंडाळून दिला. ठिणगी तो खिशात घालून चर्चकडे निघाली.

ठिणगी हे नाव दादाने पाडलेलं. तिने इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं होतं, आणि तेव्हापासून चर्चमधल्या प्रत्येक म्हाताऱ्याला तिच्या भविष्याची काळजी पडली होती. या लोकांना स्वतःच्या मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही, पण दुसऱ्याच्या आयुष्याचं बटण कुठे आहे ते बरोबर ठाऊक असतं. तरीही माइक, स्पीकर आणि दिवे तिच्याशिवाय कोणाला समजत नव्हते. त्यामुळे ती वाया गेलेली मुलगी दर वर्षी 'न्यायाचा दिवस' मात्र वेळेवर उजळून द्यायची.

'न्यायाचा दिवस' हे त्यांच्या चर्चचं नाटक. एकेक मेलेला माणूस व्यासपीठावर यायचा आणि देवाचा आवाज त्याला आयुष्याचा हिशेब विचारायचा. तरलेले उजवीकडे पांढऱ्या पडद्याआड जायचे. तिथे पंख लावलेल्या मुली खिदळत उभ्या असायच्या. देवाला नाकारणारा डावीकडच्या काळ्या दारातून आत जायचा. दार उघडलं की लाल उजेड दिसायचा आणि बाकांवरची पोरं आईला बिलगायची. खरं म्हणजे ती अडगळीची खोली होती. झाडू, बादल्या, फिनेलचे कॅन आणि एक मोडकं बाक. खिडकी नाही, दुसरं दार नाही. दाराला कुलूपही नाही.

देवाचा आवाज ठिणगीच्या पप्पांचा. ते चर्च-कमिटीचे अध्यक्ष होते, आणि आवाज होताच तसा. जेवताना त्यांनी मीठ मागितलं तरी घरात आज्ञा झाल्यासारखं वाटायचं.

ती पोचली तेव्हा खिडक्यांवर काळं कापड चढलं होतं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. ताज्या रंगाचा वास होता, फिनेलचा होता, मेणाचा होता. तिने बल्ब लावला, कळ दाबून बघितली आणि खोलीचं दार ओढून घेतलं. व्यासपीठावर एका बल्बच्या उजेडात बोलणं चाललं होतं.

"साहेब, माझं जुनं काळं जॅकेट काय वाईट आहे?" सलूनवाले काका म्हणत होते. नाकारणाऱ्याचं काम दर वर्षी त्यांच्याकडे.

"हा घाला," पप्पा म्हणाले.

त्यांच्या हातात दादाचा तपकिरी चौकड्यांचा कोट होता.

ठिणगीला क्षणभर वाटलं, आपल्याला अंधारात नीट दिसत नाहीये. मग ती तरातरा पुढे गेली. "हा कुठून काढलात?"

"कपाटातून."

"आईला विचारलंत?"

"देवाचा न्याय आईला विचारून होत नाही," पप्पा म्हणाले. "लोक कुजबुजतात, की अध्यक्षांचा स्वतःचा मुलगा देवाला नाकारून मेला आणि अध्यक्ष दुसऱ्यांना शिकवतात. आज बघू देत. मी घरचं-बाहेरचं करत नाही."

"तुम्ही नाही पप्पा, देव करत नाही. तुम्ही फक्त माइकवर बोलता."

चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, मध्ये आले. "बेटा, वडिलांशी असं बोलू नये."

"तुम्ही त्या दिवशी वॉर्डात बोलला असतात तर मला बोलायची वेळ आली नसती."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. हॉस्पिटलच्या वॉर्डातही त्यांनी हेच केलं होतं. दादाचे शेवटचे दिवस चालले होते आणि पप्पा अख्खी कमिटी घेऊन त्याच्या खाटेभोवती उभे राहिले होते. "देवाला स्वीकारतोस की नाकारतोस?" त्यांनी विचारलं होतं, सभेत ठराव मांडावा तसं. दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. कमिटीने ते उत्तर धरलं, माना हलवल्या आणि निघून गेली. नंतर दादा ठिणगीला म्हणाला होता, "पप्पांनी ज्याला बरोबर आणलं होतं ना, त्याला नाही म्हटलं मी. दुसरं कोणी आलंच नव्हतं गं."

हे उत्तर तिकडे चालतं का, हे ठिणगीला माहीत नव्हतं. कारण ती देव मानायची. कमिटीपेक्षा जास्तच मानायची, म्हणून तर तिला भीती होती. नाकारणाऱ्यांचा न्याय होतो, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि त्यातला एकही शब्द तिला खोटा वाटत नव्हता.

कोपऱ्यात आई पंखवाल्या मुलींचे झगे इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली.

"मी पहिल्या बाकावर बसणार आहे," ती पप्पांना म्हणाली. "कसं म्हणता ते ऐकायचंय मला."

एवढंच. मग तिने पुढचा झगा घेतला.

ठिणगीने वाद तिथेच सोडला. भांडायची गरजच नव्हती. पप्पा व्यासपीठामागच्या पाळकांच्या खोलीत बसून बोलणार, त्यांच्या माइकची वायर तिच्या टेबलावर येणार, आणि टेबलावर राज्य तिचं. दादावरचा निकाल आईच्या कानांवर पडू द्यायचा नाही. वायर उपटायची, बस्स. देवाचा आवाज बंद पाडायला एक बोट पुरतं, हे या म्हाताऱ्यांना कधी सुचलंच नव्हतं.

नाटक सुरू झालं. बाकं खचाखच भरली होती. व्यसनी माणूस पश्चात्ताप करून तरला. चोर तरला. तरलेल्यांपैकी एकाचा पाय पडद्यात अडकला आणि एक पंखवाली मुलगी फिस्सकन हसली. मग दिवे मंद झाले आणि सलूनवाले काका मान खाली घालून मधोमध येऊन उभे राहिले. कोट त्यांना खांद्यांत घट्ट होत होता.

आईच्या शेजारची बाई तोंडावर हात धरून काहीतरी म्हणाली. आई हलली नाही.

"तू कोण?" स्पीकरमधून पप्पांचा आवाज आला.

"मी... तुम्हाला नाकारणारा," काका पुटपुटले. दर वर्षी ते हे वाक्य छाती काढून म्हणायचे.

"मी तुझ्या दाराशी आलो. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस."

हे वाक्य नाटकात नव्हतं. पप्पांनी नवीन घातलं होतं. बाकांवरून एक उसासा गेला, सगळ्यांना कळलं कोणाबद्दल आहे ते. ठिणगीने वायर मुठीत धरली.

"म्हणून मीही तुला..."

तिने वायर उपटली.

 स्पीकरची बारीक गुणगुणही थांबली. तिने खात्रीसाठी स्पीकरचं मुख्य बटणही बंद केलं. टेबलावरचे सगळे बारके खुणेचे दिवे विझले. अंधारात कोणीतरी खोकलं. ठिणगी मनात म्हणाली, झालं. सुटला दादा.

आणि मेलेल्या स्पीकरमधून हाक आली.

आवाज मोठा नव्हता. पप्पांचा तर नव्हताच. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. शेजारच्या खोलीतून घरचं माणूस हाक मारतं तसा. फक्त नाव घेतलं आणि म्हणाला, "पुढे ये."

ठिणगीला तिचं नाव ऐकू आलं. ठिणगी नव्हे, जन्मदाखल्यावरचं, जे तिला कोणी म्हणत नाही ते.  मग तिने बाकांकडे पाहिलं. जो तो छातीवर हात ठेवून शेजाऱ्याकडे वळला होता.

"मला बोलावलं..."

"नाही हो, माझं नाव घेतलं..."

"गप्प बसा. गप्प..."

पाळकांच्या खोलीचं दार उघडलं. पप्पा बाहेर आले. हातात माइक, मागे लोंबणारी वायर.

"मी नाही बोललो," ते म्हणाले. साधा आवाज, कुठल्याही म्हाताऱ्या माणसाचा. "ठिणगे... मी काही बोललो नाही गं."

"मला माहीत आहे पप्पा."

पुन्हा हाक आली. या खेपेला सगळ्यांनी एकच नाव ऐकलं, पप्पांचं.

ते उजवीकडे वळले. साहजिकच होतं, आयुष्यभर त्यांना ती बाजू आपली वाटत आली होती. दोन पावलं गेले आणि थांबले. पांढऱ्या पडद्यामागची ट्यूब चालू होती, मुली उभ्या होत्या, कोणी अडवत नव्हतं. पप्पा मात्र कोणीतरी छातीला हात लावल्यासारखे थबकले. मग हळूहळू फिरले आणि व्यासपीठ ओलांडून डावीकडे गेले. काळं दार आपणहून उघडलं. आत लाल उजेड नव्हता. पप्पा मान खाली घालून आत शिरले आणि दार लागलं.

सगळ्यांत आधी सलूनवाले काका भानावर आले. त्यांनी घाईघाईने कोट उतरवला, घडी केली आणि नेऊन आईच्या मांडीवर ठेवला. "वहिनी, माफ करा," म्हणाले.

ठिणगी दाराशी पोचली होती. तिने ओढलं. हललं नाही. भिंत ओढावी तसं वाटलं. "पप्पा!" तिने हाक मारली. "पप्पा, आवाज द्या!" काकांनीही जोर लावला. कमिटीतली माणसं आपापल्या बाकांवर बसूनच सल्ले देत होती, खालून ओढा, वरून ओढा. उठलं कोणीच नाही.

आई आली. तिने ठिणगीला हाताने बाजूला सारलं, गाल दाराला टेकवला आणि कान लावला.  ठिणगीला काहीच ऐकू येत नव्हतं. आई मात्र ऐकत होती. तिचा चेहरा एकदा आक्रसला, मग सैल झाला.

"अहो," ती दाराला म्हणाली, "माहीत नाही म्हणा. खरं आहे ते सांगा ना..."

तिने तळहातही दाराला लावला.

"म्हणा," आई हळूच म्हणाली. "मी आहे इथे."

दार उघडलं.

पप्पा उंबऱ्यात उभे होते. ठिणगी एक पाऊल मागे सरली. त्यांच्या गालांवर, हनुवटीवर पांढरी दाढी वाढली होती, गळ्यापर्यंत आलेली. नखं वाढली होती. सदरा अंगावर लोंबत होता.

सलूनवाल्या काकांचा हात नकळत त्या दाढीकडे गेला. "साहेब... सकाळी मीच केली तुमची दाढी," ते म्हणाले. बोटांनी केस चाचपून त्यांनी हात झटकन मागे घेतला. "ही आजची नाही. ही कित्येक महिन्यांची आहे."

"बसवा त्यांना," आई म्हणाली. व्यासपीठाच्या पायरीवर तिने त्यांना बसवलं, तान्ह्या पोराला बसवतात तसं, पाठीला हात देऊन.

"काय होतं आत?" ठिणगीने विचारलं.

पप्पांनी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा आवाज फाटका निघाला, फार बोलून बोलून बसलेला.

"तो आवाज एकच विचारत होता... सारखं एकच. तुझा मुलगा कुठे आहे?"

"मग?"

"मी सांगायचो, नरकात. की पुन्हा... तितक्याच शांतपणे... तुझा मुलगा कुठे आहे? मी शास्त्राचे दाखले दिले. त्याने तोंड फिरवलं ते सांगितलं. सगळं ऐकून घ्यायचा तो आवाज. मध्ये बोलायचा नाही. आणि पुन्हा..." त्यांनी आईचा हात घट्ट धरला. "मी किती दिवस होतो आत?"

 आईने दादाचा कोट उचलला आणि त्यांच्या खांद्यांवर घातला. 

"शेवटी म्हणालो, मला माहीत नाही," पप्पा म्हणाले. "मला माहीत नाही तो कुठे आहे. मला कधीच माहीत नव्हतं."

ठिणगीला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट तिला एकदम हलकं, ताठ उभं राहावंसं वाटलं. दादाचा न्याय जो करणार होता तो करत असेल, केलाही असेल. कमिटीच्या हातात तो नव्हता, एवढं आज सगळ्यांच्या देखत ठरलं होतं.

"दार लावून घ्या कोणीतरी," मागून पाळकसाहेब म्हणाले. "ठिणगी, बेटा... दार लाव."

"बघू तर द्या," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली.

नाकाला काहीच लागलं नाही. फिनेल नाही, रंग नाही. वास नसलेली हवा तिने आयुष्यात पहिल्यांदा घेतली. झाडू नव्हते, बादल्या नव्हत्या. खोली होती त्याहून खूप मागपर्यंत गेली होती, आणि तिच्यात दाराकडे तोंड करून, एकामागे एक, सरळ ओळींत खुर्च्या मांडल्या होत्या. साध्या, लाकडी, उंच पाठीच्या. अशा खुर्च्या चर्चमध्ये कधी नव्हत्याच. सगळ्यांवर धुळीचा जाड थर होता. फक्त पहिल्या ओळीतली पहिली खुर्ची, पप्पांची असणार ती, बसून बसून गुळगुळीत झाली होती.

"काय आहे गं आत?" कमिटीतल्या कोणीतरी विचारलं. "सांग ना..."

ठिणगी सांगणारच होती. पण तेवढ्यात पहिलीच्या शेजारच्या खुर्चीवर, तिच्या डोळ्यांसमोर, धुळीत एक रुंद पट्टा उमटला. मग त्याला लागून दुसरा. कोणीतरी न दिसणाऱ्या तळहाताने, घरी पाहुणा यायचा असला की पुसतात तशी, ती खुर्ची सावकाश पुसायला घेतली होती.